गारव्याचा बिनतारी हिशेब

नवी मुंबईत इमारती तापवाव्या लागत नाहीत, थंड ठेवाव्या लागतात. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये तर अहोरात्र. अशा ठिकाणी बिनतारी तापमान संवेदक फार उपयोगी पडतात. छोट्याशा डबीत थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो आणि त्यावरून अंश काढले जातात. हा आकडा रेडिओलहरींवरून गेटवेकडे, म्हणजे सगळ्या संवेदकांचे आकडे गोळा करणाऱ्या यंत्राकडे, जातो. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरता येतो. मोजणीचे आणि पाठवणीचे क्षण सोडले, तर संवेदक निद्रिस्त असतो. म्हणूनच बॅटरी काही वर्षे पुरते.

खरी मेख जागेची आहे. संवेदक थंड झोताखाली लावला, तर वातानुकूलन यंत्रणेला सारे गार वाटते, ती गारवा कमी करते आणि सर्व्हर तापत राहतात. म्हणून सर्व्हर जिथून हवा ओढतात त्या रॅकच्या दर्शनी बाजूला, खाली, मध्ये आणि वर संवेदक लावतात. वरचा आकडा बहुधा जास्त निघतो. अमेरिकेतील ‘अ‍ॅश्रे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस तापमान सुचवले आहे. वायर नसल्याने संवेदकाची जागा बदलणे सोपे. लोखंडी रॅक आणि काँक्रीटच्या भिंती मात्र लहरी अडवतात, त्यामुळे गेटवे कुठे बसवायचा हे चाचणी घेऊनच ठरवावे लागते.