होम थिएटर घेताय? आधी आवाज ओळखा

 

कापूस विकून पैसे हातात आले की घराघरांत एक विषय निघतो. मुलं म्हणतात, "आई, टीव्हीला होम थिएटर घेऊ या." दुकानदार मोठमोठे डबे दाखवतो, आवाज वाढवून छाती हादरवतो आणि हप्त्याचा कागद पुढे करतो. पण याच पैशातून जूनमध्ये बियाणं आणि खत घ्यायचं असतं, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्चही त्यातच असतो. म्हणून घ्यायचंच असेल, तर काय घेतोय हे समजून घेऊ या.

पहिला प्रश्न असा, की नवीन टीव्हीचा आवाज नीट कळत का नाही? जुने खोकेवाले टीव्ही जाड असायचे, त्यांचे स्पीकर समोर तोंड करून असायचे. आताचा टीव्ही पाटीसारखा पातळ. त्यात छोटे स्पीकर बसवतात, आणि त्यांचं तोंड बहुतेक वेळा खाली किंवा भिंतीकडे असतं. आवाज भिंतीवर आपटून आपल्यापर्यंत येतो. मग सासूबाई विचारतात, "काय म्हणाली गं ती?" आपण आवाज वाढवतो, आणि लगेच जाहिरात लागून सगळं घर दणाणतं.

यात वयाचाही भाग आहे. वय वाढतं तसे आधी बारीक, टोकदार आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, त, क, फ ही अक्षरं याच बारीक आवाजांनी ओळखू येतात. म्हणून आजींना कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण शब्द उमगत नाही. अशा वेळी धडधडणारा ठोका, म्हणजे बास, वाढवला तर शब्द आणखी दबतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला संवाद कळावा, हा हेतू असेल तर आवाज स्पष्ट हवा. नुसता मोठा आवाज त्यांच्या कामाचा नाही.

5.1 म्हणजे काय?

डब्यावर 5.1 लिहिलेलं असतं. त्यातले 5 म्हणजे पाच स्पीकर : समोर डावा, समोर उजवा, समोर मधला, आणि बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना थोडे मागे एकेक. पुढचा 1 म्हणजे फक्त जाड आवाजासाठीचा डबा, ज्याला सबवूफर म्हणतात. सिनेमातलं बहुतेक बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. पाऊस, गर्दी, पाखरं बाजूच्या स्पीकरमधून येतात. म्हणजे संचात सगळ्यात महत्त्वाचा तो मधला स्पीकर. दुकानात मात्र नजर सबवूफरवरच जाते.

चांगल्या स्पीकरचा फरक ऐकायचा असेल तर 'सैराट'ची गाणी लावून बघा. 2016 च्या या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी मोठ्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण अमेरिकेत लॉस एंजेलिसला केलं होतं. साध्या स्पीकरवर व्हायोलिनचा सगळा ताफा एकत्र गोळा होऊन ऐकू येतो. चांगल्या स्पीकरवर वाद्यं वेगवेगळी कळतात आणि गाणाऱ्याचा शब्दही दबत नाही.

आता एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. पाच स्पीकरमधून पाच वेगळे आवाज यायचे, तर मुळात कार्यक्रमातही ते वेगळे भरलेले लागतात. टीव्हीवरच्या बऱ्याच मालिका, बातम्या आणि यूट्यूबवरची भजनं दोनच बाजूंचा आवाज घेऊन येतात. मोबाईलवरून ब्लूटूथने जोडलं तरी आवाज दोनच बाजूंचा येतो. मग पाच स्पीकर घेऊनही तोच आवाज पाच ठिकाणी वाजतो. अनेक स्वस्त 5.1 संचांना साधी दोन पिनांची वायर, ब्लूटूथ आणि पेनड्राइव्ह एवढंच लागतं. त्यावर खरा 5.1 आवाज मिळत नाही. खरा हवा असेल तर संचाला आणि टीव्हीला 'एचडीएमआय एआरसी' किंवा 'ऑप्टिकल' असं लिहिलेली जागा आहे का, हे विचारा. आणि घरात ओटीटीवरचे सिनेमे खरंच किती बघितले जातात, हेही मोजा.

वॅटचा आकडा

"ताई, दहा हजार वॅट आहे!" असं कुणी म्हटलं तर विचारायचं, "आरएमएस किती?" आरएमएस म्हणजे स्पीकर सतत जेवढी ताकद सोसू शकतो, ती. पीएमपीओ नावाचा आकडा क्षणभराच्या ताकदीवरून फुगवून सांगितलेला असतो. तो बघायचा नाही. शिवाय वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. नेहमीच्या खोलीला थोडे पण खरे वॅट पुरतात.

खोलीसुद्धा आवाज बिघडवते

अजिंठ्याची लेणी आपल्याच तालुक्यात, फर्दापूरजवळ आहेत. तिथल्या 10 किंवा 26 क्रमांकाच्या चैत्यगृहात उभं राहून बोललं, की आवाज घुमतो. दगड आवाज शोषून घेत नाही, परत फेकतो. शब्द संपला तरी त्याचा नाद राहतो आणि पुढचा शब्द त्यात मिसळतो. आपल्या सिमेंटच्या भिंती, फरशी आणि वरचा पत्रा हेच काम करतात.

रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवा. टाळीनंतर टणटण ऐकू आली, तर महागडा स्पीकरही तिथे गोंधळच करील. त्याला पैसे लागत नाहीत. समोरच्या भिंतीवर जाड पडदा लावा, खाली सतरंजी अंथरा, कोपऱ्यात गोधड्यांची चळत ठेवा. कापूस आणि कापड आवाज शोषून घेतात. पुन्हा टाळी वाजवून फरक ऐका.

मांडणीसाठी एक सुतळी घ्या. समोरच्या दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, तेवढंच अंतर प्रत्येक स्पीकरपासून बसायच्या जागेपर्यंत ठेवा. मधला स्पीकर टीव्हीच्या बरोबर खाली किंवा वर. आपण बऱ्याच घरांत खाली बसून टीव्ही बघतो आणि स्पीकर मात्र उंच फळीवर असतात. तेव्हा त्यांचं तोंड खाली, आपल्या कानाकडे वळवा. बाजूचे स्पीकर कानापेक्षा एक-दोन फूट उंच चालतात. सबवूफर अगदी कोपऱ्यात ठेवला तर घुमतो, थोडा पुढे ओढा. वायर जोडताना लालला लाल, काळ्याला काळी. एका स्पीकरची वायर उलटी लागली तरी आवाज पोकळ होतो.

वीज आणि कान

आपल्याकडे पंप सुरू-बंद झाले की विजेचा दाब वर-खाली होतो. म्हणून आयएसआय खुणेची वायर आणि चांगलं अर्थिंग आधी, स्पीकर नंतर. आभाळात वीज कडाडायला लागायच्या आतच पिन काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

कानांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकला तर चालतो. 90 डेसिबलला ही मुदत 4 तासांवर येते. लहान मुलांसाठी 40 तासांची मर्यादा 75 डेसिबलचीच आहे. एक सोपी खूण सांगते : हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज जास्त झाला. शेजाऱ्यांचाही विचार हवाच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6.

मग घ्यायचं काय?

एक-एक पायरी चढा. आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'संवाद' किंवा 'क्लिअर व्हॉइस' असा पर्याय असेल तर तो लावून बघा. बास कमी करा. आठ दिवस ऐका. भागलं नाही, तर एक साधा साउंडबार पुरतो का ते पाहा. साउंडबार म्हणजे टीव्हीपुढे ठेवायची लांब पट्टी. मधला स्पीकर वेगळा असलेला, म्हणजे 3.1, मिळाला तर म्हाताऱ्यांसाठी उत्तम. खोली मोठी असेल आणि घरात सिनेमे नेहमी बघितले जात असतील, तरच 5.1 कडे वळा.

दुकानात जाताना आजींना सोबत न्या. गाणं न लावता बातम्या किंवा मालिका लावायला सांगा. आवाज हळू ठेवून शब्द कळतात का, हे आजींनाच विचारा. पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घ्या. दुरुस्ती कुठे होते तेही विचारा. हप्ता असेल तर सगळे हप्ते आणि प्रक्रिया शुल्क यांची बेरीज करून रोख किमतीशी ताडून बघा. फसवणूक झाली तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

गटासाठी किंवा ग्रामसंघासाठी घेणार असाल, तर होम थिएटर घेऊच नका. ते एका खोलीत बसलेल्या पाच-सात जणांसाठी असतं. समाजमंदिरात पन्नास बायांची बैठक असली, की लागतो एक चांगला माईक, छोटा अँप्लिफायर आणि उंचावर ठेवलेले दोन स्पीकर. मागच्या रांगेतल्या बाईला कर्जाचा हिशोब शब्दन् शब्द ऐकू आला पाहिजे. ऐकूच आलं नाही तर ती प्रश्न कसा विचारणार? गटाच्या पैशातून आवाज घ्यायचा तो यासाठी.

पुढच्या बैठकीत टाळीचा प्रयोग करून बघा, आणि काय ऐकू आलं ते आम्हाला कळवा.