स्क्रेपर : जुन्या यंत्रांतील दोष व दोषनिवारण

माती खरवडणे, पोटात भरून घेणे, वाहून नेणे आणि ठरावीक जाडीच्या थरात पसरणे ही चारही कामे एकट्याने करणाऱ्या चाकांवरील यंत्रास स्क्रेपर म्हणतात. मातीची धरणे, कालवे, रस्त्यांचे भराव, विमानतळांच्या धावपट्ट्या व कारखान्यांच्या जागांचे सपाटीकरण यांसाठी हे यंत्र वापरतात. वीस-तीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ राबलेली अनेक स्क्रेपर यंत्रे दुरुस्तीच्या बळावर चालू राहू शकतात. जाड पोलादी पत्रा, साधी यांत्रिक रचना व इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाचा अभाव यांमुळे त्यांतील बहुतेक बिघाड डोळ्यांनी, कानांनी व एखाद्या दाबमापकाच्या साहाय्याने शोधता येतात. मात्र निदान चुकल्यास चांगला पंप वा प्रेषण पेटी विनाकारण उघडली जाते, आणि निष्काळजीपणा झाल्यास कित्येक टन वजनाचा बाऊल कामगाराच्या अंगावर येऊ शकतो.

इतिहास : घोड्यांनी ओढावयाच्या लोखंडी स्क्रेपरमध्ये महत्त्वाची सुधारणा जेम्स पोर्टियस यांनी कॅलिफोर्नियातील फ्रेझ्‌नो येथे केली व १८८३ मध्ये तिचे एकस्व मिळविले. पुढे रॉबर्ट गिल्मूर लटूर्नो (१८८८–१९६९) या अमेरिकन अभियंत्यांनी वितळजोड केलेल्या पोलादी बांधणीचे, तारदोराने चालणारे आणि रबरी टायरांवरचे स्क्रेपर प्रचारात आणले. ट्रॅक्टर व स्क्रेपर एकत्र जोडलेले स्वयंचलित यंत्र १९३०–४० या दशकात पुढे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर तारदोरांची जागा हळूहळू द्रवीय सिलिंडरांनी घेतली.

रचना व कार्य : यंत्राच्या पुढील भागात एंजिन व चालकाची जागा असते. हा भाग किंगपिनने जोडलेल्या वाकड्या मानेमार्फत मागील बाऊल ओढतो. बाऊलच्या तळाच्या पुढील कडेस कर्तन पाते, तोंडाशी वर-खाली होणारे झाकण म्हणजे ॲप्रन, आणि आत मागून पुढे सरकणारी भिंत म्हणजे इजेक्टर असतो. भरताना बाऊल खाली करून पाते जमिनीत घुसवितात आणि बहुधा मागून बुलडोझरचा रेटा देतात. भरल्यावर ॲप्रन बंद करून बाऊल उचलतात. भरावावर बाऊल हव्या त्या उंचीवर धरून ॲप्रन उघडतात व इजेक्टरने माती पुढे लोटतात. काही यंत्रांना मागील चाकांसाठी दुसरे एंजिन असते.

निदानाची रीत : प्रथम यंत्र सपाट जागी उभे करून बाऊल व ॲप्रन जमिनीवर टेकवितात, एंजिन बंद करतात व चाकांना अडण्या लावतात. बाऊल उचलून काम करणे अटळ असल्यास तो ठोकळ्यांवर वा सुरक्षा पिनेवर टेकवितात; केवळ तेलाच्या दाबावर तोललेल्या बाऊलखाली कोणीही जाऊ नये. त्यानंतर दोष थंड यंत्रात दिसतो की तापल्यावर, रिकाम्या यंत्रात की भारावर, एकाच हालचालीत की सर्व हालचालींत, हे तीन प्रश्न सोडवितात. त्यांच्या उत्तरांतून निम्मे निदान होते.

पाते व बाऊल : बाऊल पूर्ण भरत नाही, ही तक्रार आल्यास चालकाचा संशय बहुधा एंजिनावर जातो, पण पहिली तपासणी पात्याची करावी. बोथट पाते जमिनीत न घुसता तिच्यावरून घसरते, त्यामुळे चाके घसरतात व टायर झिजतात. बरीच पाती उलटी करून दुसऱ्या धारेने वापरता येतात. पाते वेळेवर न बदलल्यास झीज बाऊलच्या मूळ ओठापर्यंत पोहोचते आणि थोडक्या खर्चाचे काम मोठ्या वितळजोडकामावर जाते. इजेक्टर अडकत असल्यास त्याच्या मागे घट्ट बसलेली चिकण माती, झिजलेली रुळचाके व वाकलेले मार्गदर्शक पट्टे पाहतात.

तारदोर यंत्रणा : अतिजुन्या यंत्रांत बाऊल उचललेला राहत नसेल, तर वेटाळ्याचा गतिरोधक पट्टा झिजलेला वा तेलकट झालेला असतो. बाऊल उचललाच जात नसेल, तर क्लच घसरत असतो. तारदोर वारंवार तुटत असल्यास नवा दोर घालण्यापूर्वी कप्प्यांची खाच तपासावी. जुन्या दोराने कोरलेली अरुंद खाच नवा दोर लवकर कापते. दोर हाताळताना कातडी हातमोजे आवश्यक असतात, कारण तुटलेल्या तारा तळहातात घुसतात.

द्रवीय यंत्रणा : बाऊल, ॲप्रन व इजेक्टर या तिन्हींच्या हालचाली मंद असतील, तर दोष टाकी, गाळणे, पंप वा दाबमोचक झडप या सामायिक भागांत असतो, एकच हालचाल मंद असेल, तर त्या मार्गाच्या झडपेत वा सिलिंडरात असतो. थंड असताना ठीक आणि तेल तापल्यावर मंद चालणारे यंत्र झिजलेल्या पंपाकडे बोट दाखविते; तेल पातळ झाल्यावर पंपातील अंतर्गत गळती वाढते. रिकामा बाऊल चपळाईने उचलला जातो पण भरलेला उचलत नाही, अशा वेळी दाबमोचक झडप कमी दाबावर उघडत असण्याचा संभव असतो. पंपाचा कर्कश आवाज, तेलावरील फेस व धक्के देत होणारी हालचाल ही शोषण नळीतून हवा शिरल्याची वा तेलाची पातळी उतरल्याची लक्षणे होत. दाबमापक न लावता दाबमोचक झडप आवळणे ही सर्वांत घातक चूक होय. तिने मूळ दोष काही दिवस झाकला जातो व नळ्या फुटतात.

उचललेला बाऊल आपोआप खाली येत असल्यास सिलिंडरातील दट्ट्याचे वेष्टन किंवा नियंत्रण झडप गळत असते. बाऊल टेकवून व दाब सोडून दट्ट्या सिलिंडराच्या एका टोकाशी नेतात, विरुद्ध बाजूची नळी सोडतात आणि पहिल्या बाजूस मंद गतीने दाब देतात. उघड्या तोंडातून तेल सतत येत राहिल्यास वेष्टन खराब आहे. न आल्यास झडप तपासतात. गळती कधीही हाताने चाचपू नये, कारण उच्च दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते व तिला तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती शोधतात.

एंजिन व शक्तिप्रेषण : काळा धूर हवेची टंचाई किंवा जादा इंधन, निळा धूर वंगण तेलाचे ज्वलन आणि तापल्यावरही येणारा पांढरा धूर अर्धवट जळलेले इंधन वा सिलिंडरात शिरलेले पाणी सुचवितो [→ डीझेल एंजिन]. स्क्रेपर स्वतःच्याच धुळीत फिरत असल्याने हवेचे गाळणे व रेडिएटरच्या जाळ्या प्रथम पाहतात.

यंत्र ओढ देत नसेल, तर दोष एंजिनात आहे की प्रेषणात, हे रोध चाचणीने ठरते. मोकळ्या जागेत गतिरोधक पूर्ण दाबून, निर्मात्याने सांगितलेल्या गिअरमध्ये, टॉर्क कन्व्हर्टर रोखलेल्या स्थितीत एंजिनाला पूर्ण इंधन देतात व फेरे मोजतात. फेरे ठरलेल्या संख्येहून कमी भरल्यास एंजिन दुर्बल असते. जास्त भरल्यास प्रेषणातील क्लच घसरत असतो. तेल झपाट्याने तापत असल्याने चाचणी काही सेकंदांतच आटोपतात. गाळण्यातील कणही बोलके असतात : चुंबकाला चिकटणारे कण दंतचक्रे वा धारव्यांची झीज दाखवितात, तर पितळी रंगाचे कण क्लचच्या तबकड्यांची झीज दाखवितात. दोन एंजिनांच्या यंत्रात मागील एंजिन मागे पडल्यास पुढील चाके घसरतात. अशा वेळी दोन्ही एंजिनांचे फेरे व इंधन दांड्यांची जुळणी तपासावी.

सुकाणू, गतिरोधक व टायर : यंत्र रस्त्यावर डावी-उजवीकडे भटकत असल्यास सुकाणू सिलिंडरांच्या पिना, जोडदांडे व किंगपिनचे धारवे यांतील ढिलाई मोजतात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या गतिरोधकात एंजिन बंद केल्यावर दाबमापकाचा काटा भराभर उतरल्यास गळती असते. गळतीची जागा साबणाच्या पाण्याने सापडते. उतारावर गतिरोधक निकामी झाल्यास बाऊल खाली टाकून यंत्र थांबविणे हा चालकाचा अखेरचा उपाय असतो. म्हणून बाऊलची यंत्रणा नादुरुस्त असलेले यंत्र वाहतुकीस काढू नये. अनेक भागांची धाव असलेल्या चाकाचा टायर उतरविण्यापूर्वी हवा पूर्ण सोडणे अनिवार्य आहे, कारण उडालेले कडे प्राणघातक ठरते.

पनवेल परिसरातील परिस्थिती : रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात एकीकडे बेसाल्टच्या टेकड्या व दुसरीकडे खाडीकाठची खारी चिकण जमीन आहे. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाल्यानंतर येथे भरावाची व सपाटीकरणाची प्रचंड कामे निघाली. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी उलवे येथील टेकडी सुरुंग लावून उतरविण्यात आली आणि उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. या विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. असा अखंड कातळ स्क्रेपरच्या पात्याला झेपत नाही. तो फोडून उत्खनक व टिपरनेच हलवावा लागतो. खाडीकाठच्या ओल्या चिखलात टायर रुततात आणि माती बाऊलला चिकटते. या दोन टोकांमधला मुरूम व त्यावरील माती हेच स्क्रेपरचे खरे क्षेत्र होय. तेव्हा जुन्या यंत्राचे काम मंदावल्यास बिघाड शोधण्याआधी जमीन त्याला साजेशी आहे की नाही, हे पाहणे अगत्याचे ठरते.

हवामानाचाही परिणाम होतो. जून ते सप्टेंबर या काळातील मुसळधार पावसात मातीकाम बहुधा थांबते आणि यंत्रे उभी राहतात. खाऱ्या दमट हवेने सिलिंडरांच्या दांड्यांवरील क्रोमियमच्या मुलाम्यास खड्डे पडतात. पावसाळ्यानंतर यंत्र चालू करताच हे खड्डे वेष्टने फाडतात. म्हणून उभे करताना दांडे शक्य तितके आत घेतात व उघड्या भागास वंगण फासतात. इंधन टाकी भरून ठेवल्यास आत बाष्प जमत नाही. हवेच्या टाकीतील पाणी रोज काढणे व विजेच्या जोडण्या कोरड्या ठेवणे येथे विशेष आवश्यक असते.

दुरुस्ती की निवृत्ती : पाते, वेष्टने, पिना, नळ्या व पंप बदलता येतात, त्यांच्या झिजेमुळे यंत्र टाकाऊ ठरत नाही. मान व चौकटीतील तडे मात्र निर्णायक असतात. तड्याच्या टोकांशी भोके पाडून, तो मुळापर्यंत कोरून व धातू तापवून वितळजोड करतात. त्या वेळी विद्युत् घटमालेची जोडणी सोडतात आणि भू-तार जोडाच्या जवळ लावतात, म्हणजे प्रवाह धारव्यांतून जात नाही. तोच तडा पुनःपुन्हा उघडत असेल, तर पोलाद थकलेले असते. अशा यंत्राचे एंजिन व सिलिंडर सुटे करून दुसऱ्या यंत्रासाठी वापरावेत, परंतु ते यंत्र पुन्हा भाराखाली घालू नये.