विदूषकाचा दुसरा अंक

एखादे नाटक गाजले की त्याचा उत्तरार्ध लिहिण्याचा मोह नाटककाराला होतो, आणि बहुधा तो त्याने आवरलेलाच बरा असतो. हॉलिवुडला मात्र मोह आवरणे परवडत नाही. २०१९ साली टॉड फिलिप्स या दिग्दर्शकाच्या ‘जोकर’ने शंभर कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला, व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह पटकावला, वाकिन फीनिक्सला ऑस्कर मिळवून दिले. मग दुसरा भाग येणे ओघानेच आले. तो २०२४ च्या ऑक्टोबरात आला आणि सपशेल आपटला. सुमारे वीस कोटी डॉलर खर्चून काढलेल्या चित्रपटाने जगभरातून जेमतेम तेवढेच जमवले.

तो पहिल्याच्या तोडीचा आहे काय, एवढेच विचाराल तर नाही. पण ‘नाही’ म्हणून हात झटकावेत असा तो चित्रपटही नव्हे.

जोकर हा बॅटमॅनच्या चित्रकथांतला १९४० सालापासूनचा खलनायक. फिलिप्सने बॅटमॅनला बाजूला सारून यालाच नायक केले. आर्थर फ्लेक हा भाड्याने विदूषक होऊन पोट भरणारा, आईची सेवा करणारा, हाडांचा सापळा झालेला माणूस. हसू त्याला आजारासारखे येते, आणि तेही नको त्या वेळी. जो तो त्याला तुडवतो. शेवटी तो पिस्तूल उचलतो, आणि टेलिव्हिजनवर सगळ्यांदेखत एका बड्या विनोदवीराला गोळी घालतो. आमच्या मागच्या रांगेत त्या क्षणी शिट्टी वाजली. ती मला खटकली. परंतु फीनिक्सचे काम असे, की शिट्टी वाजवणाऱ्याला दोष द्यावा असे वाटेना.

दुसरा भाग पाहताना वाटते की ती शिट्टी फिलिप्सनेही ऐकली असावी. ‘फोली आ दू’ हे त्याचे नाव. फ्रेंच आहे, अर्थ, दोघांचे मिळून एक वेड. आर्थर आता अर्कहमच्या कोठडीत आहे, त्याच्यावर खुनांचा खटला उभा आहे. त्याच्या प्रेमात पडलेली ली (लेडी गागा) प्रेम करते ते जोकरवर. आर्थरशी तिला कर्तव्य नाही. बाहेर जमलेल्या झुंडीचेही तेच. आणि खरे सांगायचे तर तिकीट काढून आत बसलेल्या आपलेही तेच!

कल्पना नामी आहे, पण तिच्याभोवती नाटक उभे राहत नाही. निम्मा वेळ कोठडीत, निम्मा न्यायालयात, आणि मधूनमधून गाणी. संगीत नाटकावर पोसलेल्या मराठी प्रेक्षकाला गाण्याचे वावडे असण्याचे कारण नाही. बालगंधर्व गाऊ लागले की नाटक थांबे आणि ते कुणालाही खटकत नसे, कारण माणसे ते गाणे ऐकायलाच आलेली असत. इथेही गाणे आले की कथा थांबते. मोबदल्यात काही हाती लागत नाही. फीनिक्स घोगऱ्या आवाजात पुटपुटल्यासारखा गातो. ते त्या पात्राला शोभते, पण तासाभरानंतर कानाला सोसत नाही. गागा तर खरी गायिका. तिलाही हात राखूनच गायला लावले आहे. हत्तीला मांडवात आणून मुंगीचे काम सांगावे, तसे झाले.

मात्र एका प्रवेशासाठी मी हा चित्रपट पुन्हा पाहीन. पहिल्या भागातला ठेंगणा सहकारी गॅरी आठवत असेल. डोळ्यांदेखत मित्राचा खून झालेला, पळायचे तर दाराच्या कडीला हात पुरत नाही. तेव्हा त्या कडीवर प्रेक्षागृहात हशा पिकला होता. तोच गॅरी आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतो. वकिलाला काढून टाकून, तोंड रंगवून आर्थर स्वतःच त्याची उलटतपासणी घेतो; त्याच्या आडनावाची टर उडवतो. गॅरी थरथरत सांगतो की, सगळे मला हसत असत, एक तूच हसत नव्हतास. आणि आता मला तुझी भीती वाटते. ली गिल या नटाने ही चार मिनिटे अशी वठवली आहेत, की साऱ्या गाण्यांचा खर्च तिथे वसूल व्हावा. पहिल्या भागात रक्त पुष्कळ सांडले, पण ज्याच्यावर ते उडाले त्या माणसाचे पुढे काय झाले, हे कुणी विचारले नव्हते.

पुढे आर्थर भर न्यायालयात कबूल करतो की जोकर असा कुणी नाहीच, आहे तो मीच. ली तत्काळ उठून चालती होते. अमेरिकेतला प्रेक्षकही तसाच उठला असावा. दारात कौल घेणाऱ्यांनी त्याला मत विचारले, तेव्हा त्याने ‘डी’ ही श्रेणी दिली.