गिलाव्यापूर्वीचा विचार

छत्रपती संभाजीनगरात सातारा परिसरात, बीड बायपासलगत नवी घरे उभी राहत आहेत. पाण्याच्या आणि विजेच्या नळ्या कोठून न्यायच्या, याचा खल गिलाव्यापूर्वीच होतो. इंटरनेटची आठवण मात्र गृहप्रवेशानंतर होते. मग दाराजवळच्या कोपऱ्यात राउटर बसतो आणि मागच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीपर्यंत वाय-फाय पोहोचतच नाही.

वाय-फाय बिनतारी खरे. पण त्याचा आधार तारच असते. 5 गिगाहर्ट्झच्या लहरींवर वेग अधिक मिळतो, परंतु त्या भिंतींत लवकर क्षीण होतात, 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात, पण वेग कमी देतात. काँक्रीटचा स्लॅब दोहोंनाही अडवितो. म्हणून राउटर घराच्या मध्यभागी असावा आणि प्रत्येक मजल्यावर कॅट-6 केबल न्यावी. 100 मीटरपर्यंत ती 1 गिगाबिटचा वेग पेलते. तिची नळी विजेच्या तारांपासून वेगळी असावी. शिवाय एक रिकामी नळी आत दोरा ओवून ठेवावी. उद्याची केबल त्याच दोऱ्याने ओढता येईल.

हा प्रश्न पैशापेक्षा वेळेचा आहे. गिलाव्यापूर्वी जो खर्च घरकर्जाच्या हिशेबात जाणवतही नाही, तोच नंतर भिंतीची फोड, गवंडी आणि रंग यांचा भुर्दंड घेऊन येतो.

1610 मध्ये खडकी वसविणाऱ्या मलिक अंबरने जमिनीखालच्या नहरीने शहरात पाणी आणले. त्याच शहराला न दिसणाऱ्या वाटांचे महत्त्व निराळे सांगावे लागू नये.