वळवाचे मेघ कसे ओळखावे?

वैशाखांत गच्चीवर कुरडया वाळत घालतांना गृहिणींनी आकाशहि पाहून ठेवावें, असें आम्ही सुचवितों. सकाळींच उंचावर बुरुजांच्या ओळीसारखे लहान ढग दिसल्यास वरची हवा अस्थिर समजावी. दुपारीं तापलेल्या भूमीवरील हवा वर चढून निवते. वाफेचें पाणी होतांना सुटणारी उष्णता तिला आणखी वर ढकलते. त्यांतून सपाट बुडाचा राशिमेघ बनतो. (ल्यूक हॉवर्डनें १८०२ सालीं योजिलेलें ‘क्युम्युलस’ हें लॅटिन नांवहि याच अर्थाचें.) तो ठेंगणा राहिला तर निरुपद्रवी, रुंदीपेक्षां उंची वाढूं लागली, कीं सावध व्हावें. माथा ऐरणीसारखा पसरला, म्हणजे तो गर्जन्मेघच. त्याची वीज पाऊस येण्यापूर्वींच, १० किलोमीटरांवरहि पडूं शकते. गडगडाट ऐकूं येतांच कुरडया राहूं द्याव्या. आंब्याखालीं कैऱ्या वेंचणारीं मुलें आधीं घरांत घ्यावीं.