तलावाकाठची वनसहल : बेला परिसरातील शाळांसाठी नियोजन

पैनगंगेच्या दक्षिण तीरावर वसलेल्या बेला मंडळातील मुलांना जंगल अपरिचित नाही. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य असून त्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौ. कि.मी. आहे. तेथील वाघ नदीचे पात्र ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात येतात. २०१९ साली टिपेश्वरमधून निघालेला व गळ्यात रेडिओ पट्टा बांधलेला एक तरुण वाघ आदिलाबादसह अनेक जिल्ह्यांतील शेतशिवार तुडवीत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोहोचला. त्याने एक हजार कि.मी.हून अधिक वाटचाल केल्याची नोंद आहे. अशा प्रदेशातील विद्यार्थ्यांना वनात नेऊन राहावयास लावणे हा केवळ करमणुकीचा विषय नव्हे. वनात कसे वागावे हे जो मुलगा शिकतो, तो कापसाच्या शेतातही सावधपणे वावरतो. या दृष्टीने अशा सहलीचे नियोजन कसे करावे, याचा विचार येथे केला आहे.

स्थळाची निवड

बेल्याहून कोरपना, गडचांदूर व राजुरा या मार्गाने चंद्रपूरला जाता येते. चंद्रपूरपासून सुमारे ३० कि.मी. अंतरावर ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे मोहर्ली प्रवेशद्वार आहे. ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान असून त्याची स्थापना १९५५ साली झाली. १९८६ साली अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ साली दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौ. कि.मी. आहे. उद्यानाच्या मध्यभागी ताडोबा तलाव असून त्यात मगरी आहेत. तलावाच्या काठी तारू या आदिवासी दैवताचे स्थान असून वाघाशी झुंजताना मृत्यू पावलेल्या गावप्रमुखाचे ते स्मारक मानले जाते. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते. मोहर्लीजवळच इरई धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे.

राज्याची सीमा ओलांडावयाची नसल्यास कव्वाल व्याघ्र प्रकल्प सोयीचा आहे. हे अभयारण्य १९६५ साली स्थापन झाले व २०१२ साली त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. मुक्कामासाठी जन्नारम हे ठिकाण असून कडेम जलाशय त्याच परिसरात येतो. कडेम नदीवरील कुंटाला धबधबा मुलांना दुरूनच दाखवावा. तेथे पाण्यात उतरण्याची परवानगी कोणत्याही सबबीवर देऊ नये.

काळ व वार

१ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात ताडोब्याचे गाभा क्षेत्र बंद असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापूस वेचणीची घाई असल्याने पालक मुलांना सोडण्यास नाखूष असतात. एप्रिल-मे महिन्यांत वन्यप्राणी पाणवठ्यावर हमखास दिसतात हे खरे, परंतु चंद्रपूरचे ऊन ४५ अंशांच्या पुढे जाते व लहान मुलांना ते सोसत नाही. म्हणून जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ उत्तम होय. या दिवसांत तलावांवर स्थलांतरित पाणपक्षी असतात. केसलापूरच्या नागोबा यात्रेला अनेक गोंड कुटुंबे जात असल्याने तिच्या तिथी पाहूनच दिवस ठरवावेत. ताडोबा दर मंगळवारी बंद असतो, हेही ध्यानात ठेवावे.

परवाने व वाहने

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात प्रवेशासाठी परवाना आवश्यक आहे. प्रवेशाचे आरक्षण वन विभागाच्या संकेतस्थळावर अनेक आठवडे आधी करावे. एका उघड्या जीपमध्ये सहा पर्यटक बसतात व सोबत मार्गदर्शक सक्तीचा असतो. तीस विद्यार्थी व तीन शिक्षक असल्यास सहा वाहने लागतील. शुल्क वेळोवेळी बदलत असल्याने ते आरक्षणाच्या वेळीच पाहावे व वर्गणी नंतर ठरवावी. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. शाळेने भाड्याने घेतलेली बस परराज्यात जाणार असल्यास तिचा तात्पुरता परवाना मालकाने घेतला आहे किंवा नाही, याची मुख्याध्यापकांनी स्वतः खात्री करावी. पालकांचे लेखी संमतिपत्र व शिक्षण अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी यांवाचून निघू नये.

मुक्काम

मुक्काम गाभ्यात नव्हे, तर बफर क्षेत्रातील गावी करावयाचा असतो. मोहर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे, तसेच खाजगी कुटीर व गावातील घरगुती निवासाची सोयही मिळते. खोली ठरविताना दारे-खिडक्या नीट लागतात का, शौचालय खोलीस लागून आहे का, रात्री दिवा राहतो का आणि कुंपण आहे का, या चार गोष्टी विचाराव्यात. शौचालय दूर असल्यास मुलांना रात्री बाहेर पडावे लागते व धोका तेथेच संभवतो.

जमिनीवर अंथरूण घालू नये. मण्यार रात्री फिरते आणि तिच्या दंशाची वेदना पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून खाट व मच्छरदाणी वापरावी. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे अथवा मांत्रिकाकडे नेणे यात वेळ न घालविता रुग्णाला न हालवता वाहनाने थेट रुग्णालयात न्यावे. चंद्रपूर येथे शासकीय रुग्णालय आहे. सोबत घोंगडी, विजेरी, उकळलेले पाणी व प्रथमोपचार पेटी असावी.

वनातील शिस्त

वाहनातून खाली उतरू नये. भडक रंगाचे कपडे, मोठ्याने बोलणे, खाद्यपदार्थ फेकणे व प्लास्टिक टाकणे टाळावे. गाभा क्षेत्रात भ्रमणध्वनी नेण्यास मनाई आहे. शेकोटी निवासस्थानाच्या व्यवस्थापकाने नेमलेल्या जागीच पेटवावी व झोपण्यापूर्वी पाणी ओतून विझवावी. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याची प्रथा आपल्याही भागात आहे व त्यातूनच अनेक वणवे लागतात, हे मुलांना येथे प्रत्यक्ष जंगल दाखवून समजावता येते. तलावाच्या काठाशी जाऊ नये. मगर पाण्यात दिसत नाही, म्हणून ती नाही असे होत नाही.

कार्यक्रमाची रूपरेषा

पहिल्या दिवशी सकाळी निघून चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट पाहावा व सूर्यास्तापूर्वी मोहर्ली गाठावी. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या फेरीत वन व तलाव पाहावा, दुपारी विश्रांती व नोंदवही, सायंकाळी इरई जलाशयावर पक्षिनिरीक्षण करावे. तिसऱ्या दिवशी परतावे. वाघ दिसलाच पाहिजे, असा आग्रह मुलांच्या मनात रुजू देऊ नये. पाऊलखुणा, विष्ठा, झाडावरील ओरखडे, सांबराचा व वानराचा इशारा हे सर्व वाचनाचे धडेच आहेत.

परतल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या शिवाराचा नकाशा काढून त्यात नदी, नाले, झुडपे व गुरे चारण्याच्या जागा दाखवाव्यात. पहाटे व सायंकाळी एकट्याने शेतात न जाणे, वाकून काम करताना जोडीदार सोबत ठेवणे, गुरे अंधारापूर्वी गोठ्यात आणणे आणि वाघाच्या खुणा दिसताच वन कर्मचाऱ्यांना कळविणे, या सूचना मुलांकडून घराघरांत पोहोचाव्यात. ग्रामसभेत हे नकाशे मांडल्यास वन कर्मचाऱ्यांनाही गस्तीसाठी त्यांचा उपयोग होईल. तरी बेला मंडळातील शाळांनी ग्रामपंचायत व वन विभाग यांच्या सहकार्याने अशा सहली योजाव्यात, अशी सूचना आहे.