आवाजामागचं तंत्र – लेखांक ६ : जागरणातला कॉर्डलेस

मागच्या लेखात वायरच्या माईकची ओळख झाली. आज ती वायर काढून टाकू आणि तिच्या जागी काय येतं ते पाहू.

उदाहरणाला नळदुर्ग घेऊ. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत मिळून खंडोबाची मूर्ती एकच. वर्षातला बराच काळ देव अणदूरला, उरलेला काळ नळदुर्गला. पौष पौर्णिमेला नळदुर्गची मोठी यात्रा. खंडोबा म्हटलं की जागरण आलंच. वाघ्याची दिमडी, साथीला तुणतुणं आणि घोळ वाजवत नाचणारी मुरळी. गिरक्या घेणाऱ्याच्या पायात वायर यायची, म्हणून हल्ली तिथे कॉर्डलेस लागतो. पण गाणं रंगात आलं की नेमका आवाज तुटतो, खरखर सुरू होते आणि सगळ्यांच्या माना साऊंडवाल्याकडे वळतात. अशा वेळी दोष बहुधा माईकचा नसतो. माईक आणि रिसिव्हर यांच्यामधल्या वाटेचा असतो.

हातातल्या माईकमध्ये वर जाळीखाली आवाज टिपणारी कॅप्सूल आणि खाली छोटा ट्रान्समीटर असतो. तो हा आवाज रेडिओ लहरींवर चढवून पाठवतो, आणि रिसिव्हर त्या लहरी पकडून त्यांचा पुन्हा आवाज करून मिक्सरला देतो. ट्रान्समीटरची ताकद साधारण १० ते ५० मिलीवॅट. ४जी मोबाईल गरज पडली तर २०० मिलीवॅटपर्यंत जातो, यावरून हा किती नाजूक मामला आहे ते लक्षात येईल. दोन पेन्सिल सेलवर रात्र काढायची, तर यापेक्षा जास्त ताकद परवडत नाही.

आता त्या वाटेत काय काय येतं? पहिली अडचण माणसांची. शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. रिसिव्हर गर्दीच्या मागे, मिक्सरशेजारी जमिनीवर ठेवला, तर वाटेत शेकडो माणसं उभी राहतात. म्हणून रिसिव्हर स्टेजच्या कडेला, डोक्याच्या वर उंचीवर ठेवावा आणि तिथून मिक्सरपर्यंत वायर ओढावी. किल्ल्यात कार्यक्रम असेल, तर तटाच्या दगडी भिंतीआड तो ठेवू नये.

दुसरी अडचण परावर्तनाची. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ५० सेंटिमीटर. एक लहर माईकवरून सरळ येते, दुसरी मंडपाच्या पत्र्यावर आपटून येते. दोघींच्या प्रवासात २५ सेंटिमीटरचा फरक पडला, की त्या एकमेकींना मारतात. म्हणूनच मुरळीने गिरकी घेतली, हात वीतभर सरकला, की आवाज गायब आणि पुढच्या क्षणी परत हजर. यावर उपाय म्हणजे दोन अँटेनांचा डायव्हर्सिटी रिसिव्हर. एका अँटेनाला सिग्नल कमी पडला, तर तो दुसरीचा घेतो. दोन्ही अँटेना इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरक्या उभ्या कराव्यात.

तिसरी अडचण शेजाऱ्यांची. ६०० आणि ६०१ मेगाहर्ट्झवर दोन माईक चालू असले, तर त्यांच्या मिश्रणातून ५९९ आणि ६०२ वरही भुतं उभी राहतात. मग ६०२ वर तिसरा माईक लावला, की खरखर ठरलेलीच. समान अंतरावर माईक लावायचा मोह टाळा. रिसिव्हरमध्ये कंपनीने जुळवून दिलेल्या एकाच ग्रुपमधले चॅनल निवडा. २.४ गिगाहर्ट्झचे स्वस्त संच घेताना वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात गर्दी करतात, हे विसरू नका.

उरला धरणारा हात. जाळी मुठीत धरली, की कॅप्सूलच्या मागची छिद्रं बंद होतात. मग माईक समोरच्या तोंडाबरोबर मागच्या बॉक्सचा आवाजही पकडतो आणि शिट्टी वाजते. बऱ्याच माईकची अँटेना शेपटाकडे असते, तेव्हा ते टोकही झाकू नये. माईक मधोमध धरावा, ओठांपासून दोन-तीन बोटांवर. भाषणवाल्यांनी तो पोटाशी धरून साऊंडवाल्याला आवाज वाढवायला सांगू नये. वाढेल ती शिट्टी.

जागरण पहाटेपर्यंत चालणार असेल, तर मध्यरात्री चहाच्या वेळी सेल बदला, ते संपायची वाट बघू नका. आणि नवा माईक घेण्याआधी एकदा आहे तोच रिसिव्हर पुढे आणून, उंच ठेवून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम भागतं.

(पुढील लेखांकात : बॉक्स कुठे आणि कसे ठेवावेत)